वाटीनं वीज मोजणारे दोमाजी

बिलाची तक्रार असली की माणसं आमच्या वीज कंपनीच्या ऑफिसच्या खिडकीशी कागद नाचवत यायची. दोमाजी तांब्याची वाटी घेऊन यायचे. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. ती माझ्यासमोर ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "बाबूजी, अंदाजानं पेज शिजते. बिल नाई शिजत."

हे वाक्य दर महिन्याला. ऐकलं की माझं डोकं फिरायचं, कारण अंदाज करणारा मीच होतो.

लढाईचे दिवस होते. मीटर वाचणारी आमची दोन्ही माणसं जास्त पगारासाठी भरतीत गेली. कंपनीनं त्यांच्या जागी कोणाला घेतलं नाही, युनिटमागे एक आणा मात्र वाढवला. मॅनेजर साहेब म्हणाले, "पिछला महीना देखो, अंदाज लगाओ, आगे बढ़ो." मी लावत सुटलो. कोणाला बारा युनिट, कोणाला पंधरा. घराला कुलूप घालून महिनाभर दवनीवाड्याला धान कापायला गेलेल्या माणसालाही मी नऊ युनिट लावलेले आहेत. फायदा कंपनीचा, शिव्या मला. नोकरी म्हणजे दुसरं असतं काय?

दोमाजी अर्जुनीकडच्या एका तलावाच्या गावचे. तलाव त्यांच्या आज्या-पणज्यांनी बांधलेला, आणि त्याचं पाणी वाटायचं काम पिढ्यान्‌पिढ्या याच घराकडे. वाटप व्हायचं ते या वाटीनं. घंगाळातल्या पाण्यावर ती सोडायची. भोकातून भरत भरत ती बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली. ज्याच्या वाट्याला जितक्या वाट्या, तितका वेळ पाट त्याच्या धानाच्या बांधीत. "सख्खा भाऊ असला तरी वाटी बुडाली का पाट बंद," असं ते छाती फुगवून सांगायचे. भाऊ त्यांच्याशी बोलत नव्हता, हे मला मागाहून कळलं.

म्हातारपणी हा माणूस गाव सोडून गोंदियाला आला, आमच्याच गल्लीत खोली घेतली, वीज घेतली, आणि पाणी नाही तर वीज तरी मोजू म्हणून तीच वाटी बाहेर काढली. कोणा मास्तराकडून हिशोब समजून घेतला होता. चाळीस वॅटचा दिवा, साडेबासष्ट वाट्या, एक युनिट. झालं! गल्लीत कोणी बटण दाबलं की हे दारातून ओरडणार, "काऊन लावला? वाटी सोडली का?" बायका वैतागल्या होत्या. शेजारची भागरता तर तोंडावर म्हणायची, "या बुढ्याच्या राज्यात दिवा लावाले बी मुहूर्त पाहा लागते!" पण तिचं बिल दोमाजींनीच तीन युनिटांनी कमी करून आणलं होतं, त्यामुळे म्हणायची आणि घंगाळ भरून ठेवायची.

एकदा मॅनेजर साहेबांचं टाळकं सटकलं. "ये कटोरी का तमाशा बंद करो!"

"साहेब, मिटर तुमचा, वाटी माही," दोमाजी म्हणाले. "दोघायलेबी कामाले लावू. कोन लबाड हाय ते दिसन."

साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याची चारचौघांत जिरवावी. त्यांनी ऑफिसातच मीटर लावला, त्यावर चाळीसचे दहा दिवे. दोमाजींनी बादलीत वाटी सोडली. बाहेर हीऽ गर्दी. राइस मिलचे हमाल, टांगेवाले, कोहमाऱ्याहून बैलगाडीनं आलेले दोन गाडीवान बैल सोडून बघत उभे. अडीच तास ऑफिसात एक कागद हलला नाही. सहा वाट्या बुडाल्या, सातवी पाव भरली, आणि मीटरचा आकडा टक्कन एकानं पुढं सरकला. सव्वासहा! दोमाजींनी तोंडी काढला होता तोच आकडा. हमालांनी शिट्ट्या मारल्या. साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

त्या दिवशी दोमाजींनी साहेबांकडून नियम लिहून घेतला. अंदाजी बिल खऱ्या आकड्यावर दुरुस्त करून द्यायचं, जास्तीचे पैसे परत. तो कागद मीच लिहिला. खाली सही साहेबांची आणि शेजारी दोमाजींचा डाव्या अंगठ्याचा ठसा. सही येत होती, तरी अंगठा. म्हणाले, "सही बदलते मानसाची. अंगठा नाई बदलत."

आणि पुढच्याच महिन्यात हा गृहस्थ स्वतःचं बिल घेऊन हजर. "बाबूजी, चुकलं तुमचं."

"आता किती कमी करू?" मी चिडून विचारलं.

"कमी कायले? कमीच लावलं तुमी. बारा लिवले. एकोनीस जळले माह्या घरी."

माझ्या नोकरीत बिल वाढवून मागणारा हा पहिला आणि शेवटचा माणूस. एका खोलीत, एका दिव्यात एकोणीस युनिट? हा वेडा तरी आहे नाहीतर काही भानगड आहे म्हणून मी दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांच्या खोलीवर गेलो. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत दिवा चालू! गल्लीला बटणावरून हाग्या दम देणाऱ्याच्या घरी दिवसाढवळ्या दिवा! मी बोलायला तोंड उघडलं, तोच दिव्याखाली बसलेली म्हातारी म्हणाली, "कोन आलं? टोपीवाला दिसून रायला."

सायत्राबाई, त्यांची बायको. डोळ्यांत सगळा धूर साचल्यासारखं झालेलं. घासलेटच्या चिमणीत तिला काही म्हणजे काही दिसायचं नाही. विजेचा दिवा डोक्यावर असला की माणसाचा आकार तेवढा दिसायचा. तिच्यापुढं घंगाळ. वाटी बुडाल्याचा बुडुक आवाज ऐकला की ती पाण्यात हात घालून वाटी काढायची, परत सोडायची आणि टोपलीत एक चिंचोका टाकायची. गल्लीचा हिशोब दोमाजी बघायचे, घरच्या दिव्याचा हिशोब तिच्या कानांवर.

"याच्यासाठीच गाव सोडलं जी यायनं," ती म्हणाली. "गावी वीज नाई. मी म्हटलं, मले अंधाराची सवय झाली. तं म्हनते, मले नाई झाली. तू माह्याकडे पाहत नाई तं बोलल्यासारखं नाई वाटत."

दोमाजी माझ्यावर खेकसले, "मिटर पाहा ना! बुढीचं काय आयकून रायले?"

मी मीटर पाहिला. मागच्या आकड्यावर बरोबर एकोणीस.

पौषात, महिन्याची बिलं नुकतीच वाटून झाली तेव्हा, सायत्राबाई गेली. दोन दिवसांचा ताप, बस. मयतीला मी होतो. दोमाजी रडले नाहीत. घरी परतल्यावर पहिल्यांदा त्यांनी दिवा बंद केला, एवढंच मी पाहिलं.

आणि पुढच्या महिनाअखेरीस मी, या या हातानं, त्यांना एकोणीस युनिट लावले. मागचा महिना बघायचा, अंदाज लावायचा, पुढं जायचं. बिलं लिहिताना मी नावं वाचत नव्हतो. बिल गेल्यावर लक्षात आलं. आता म्हातारा येणार, वाटी आपटणार, आणि त्यानं शंभर शिव्या दिल्या तरी त्या कमीच.

ते आले. हातात वाटी नव्हती. पैसे ठेवले.

"दोमाजी, बिल चुकलंय," मीच म्हणालो.

"बराबर हाय."

"अहो, एकोणीस..."

"आमच्या घरी एकोनीसच जळते," असं म्हणून पावती न घेता निघून गेले.

मला वाटलं, दुःखात म्हाताऱ्याचं भान सुटलंय. मग माझ्यातला सज्जन जागा झाला. मेला आयुष्यभर झोपला होता, तो त्याच आठवड्यात जागा झाला! मी स्वतः जाऊन मीटर वाचला. आकडा जागचा हललेला नव्हता. म्हातारा महिनाभर अंधारात बसत होता. मी साहेबांशी भांडलो, नियमाचा कागद दाखवला, बिल दुरुस्त करून घेतलं आणि परतीचे पैसे घेऊन मोठ्या ऐटीत त्यांच्या दारात गेलो.

दोमाजींनी कागद उंबऱ्यापाशी उजेडात धरला. आकड्यावर बोट ठेवलं.

"शून्य," ते म्हणाले.

"तुमचाच नियम, दोमाजी," मी हसून म्हणालो. हसलो होतो मी. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"माहाच हाय," ते म्हणाले. "मी काय भांडू आता?" मग कागदाची घडी घालून चिंचोक्यांच्या टोपलीत ठेवली. "एवढ्या मोठ्या गोंदियात तुमच्या एका कागदात तेवढी जिती होती ती, बाबूजी. तिथूनबी काढली तुमी."

पैसे त्यांनी मोजले नाहीत. दिव्याच्या बटणाला हात लावला, पण दाबलं नाही. मला म्हणाले, "तार कापाले मानूस धाडून द्या."

माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन मीच गेलो.