टायपिंगवाले खिल्लारे सर

"शहामृगाचा डोळा हा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. बसा."

वसमतच्या टायपिंग क्लासात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा खिल्लारे सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी अजून दारात चप्पल काढत होते. नाव काय, गाव कोणतं, बारावीला किती पडले, काही विचारलं नाही. माझ्यासोबत वडील आले होते. त्यांनी हात जोडले आणि जरा घाबरून विचारलं, "सर, ह्ये सगळं पोरीला शिकावं लागंल का?"

"न्हाई न्हाई, ह्ये मी सहज सांगितलं. परीक्षेत हे कुनी इचारत न्हाई."

तांड्यावर परत जाताना वडिलांनी बसमध्ये तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाले, "मानूस शिकेल हाय. पन काय शिकेल हाय त्ये समजत न्हाई."

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. आमचा जिल्हा तेव्हा अजून परभणीच होता. आज मी हिंगोलीच्या एका कचेरीत कॉम्प्युटरवर बसते, आणि नवी पोरं माझ्या बोटांकडं बघून विचारतात, "मॅडम, तुम्ही की-बोर्डकडं बघतच नाही, कुठं शिकलात?" तेव्हा मला सर सांगावे लागतात. आणि सर थोडक्यात सांगता येत नाहीत.

सरांचा क्लास म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. त्यात अकरा काळी मशिनं, अकरा लोखंडी खुर्च्या आणि एक टेबलफॅन, जो फक्त सरांकडं बघून वारा घालायचा. मागच्या दोन खोल्यांत सर आणि सुमनकाकू राहत. मधे एक पडदा. क्लासात मशिनं टकटकत असायची आणि पडद्याआडून फोडणीचा वास यायचा.

बाकीच्या क्लासांत पोरं सरकारी पत्रांचे उतारे टाईप करायची. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे. आमचे सर रोज सकाळी स्वतःचा उतारा तयार करत. अर्धी माहिती रद्दीतल्या मासिकांतून आणि रेडिओवरून गोळा केलेली, अर्धी काल बाजारात फिरताना पाहिलेली. एरवी सर आमच्यासारखंच बोलायचे, पण माहिती द्यायची म्हटली की एकदम पुस्तकी मराठीत शिरायचे. एक उतारा मला अजून पाठ आहे:

'ऑक्टोपस या प्राण्यास तीन हृदये असतात. काल सायंकाळी भाजी बाजारात एका म्हशीने कोथिंबिरीची अख्खी पाटी फस्त केली. म्हैस कोणाची, याबाबत कोणीही बोलण्यास तयार नाही. मध वर्षानुवर्षे खराब होत नाही. आमच्या घरी मात्र तो आठवडाभरही टिकत नाही. डास चावतो असे आपण म्हणतो, परंतु चावते ती केवळ मादी. ही माहिती घरी सांगितल्यावर जेवणास उशीर झाला.'

हे वाचून पोरी खुसुखुसू हसायच्या आणि हसता हसता चुकायच्या. सर आमच्याकडं पाठ करून बसलेले असले तरी त्यांना कळायचं. "राठोडबाई, 'हृदय' मधला 'हृ' चुकला. बराबर मारा." नुसत्या आवाजावरून ते सांगत. माझ्यासारख्या पोरीलाही ते 'राठोडबाई'च म्हणत. सगळ्यांनाच अहो-जाहो. क्लासात एक मांजर यायची, तिलाही "बाजूला व्हा" म्हणत.

सुमनकाकू मात्र या माहितीला कंटाळलेल्या. पडद्याआडून डोकं काढून आम्हाला सांगायच्या, "बायांनो, ह्यांना म्या इचारलं, भाजीत मीठ बराबर पडलं का? तर म्हंत्यात, मिठापायी लढाया झाल्यात. आता मी भाजीत मीठ टाकू का लढाया?"

"लढायांचं खरं हाय," सर मान न वळवता म्हणायचे.

"भाजी अळणी हाय का न्हाई त्ये सांगा ना."

"अळणी हाय."

"मग त्ये आधी सांगायला काय तकलीफ होती?"

सरांना कुठं काय बोलावं हे कळत नाही, असं सगळ्या गल्लीचं मत होतं. शेजारचे एक म्हातारे पोस्टमन वारले. सगळे त्यांच्या पोराजवळ गप्प बसलेले. पोरगा म्हणजे चाळिशीचा बाप्या, पण सकाळपासून नुसता रडत होता. सर त्याच्या शेजारी जाऊन बसले. आम्ही पोरी दाराशी उभ्या. सर आता काहीतरी माहिती देणार, असं मला वाटलं होतंच.

"अश्रूंचे तीन प्रकार असतात," सर म्हणाले.

बायांनी पदर तोंडाला लावले. पोस्टमनच्या पोरानं दचकून वर बघितलं. नाक पुसलं. थोड्या वेळानं म्हणाला, "कोनते?"

सरांनी सांगितले. डोळा ओला ठेवणारे, कांद्याचे, आणि मनाचे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग पाण्याचा तांब्या मागितला. सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता. तरी गल्लीनं सरांना महिनाभर नावं ठेवली.

माझ्या बाबतीत तर त्यांनी कहरच केला. सेनगावकडून मला पाहायला पाहुणे आले होते. आपल्याकडून एक शिकलेला माणूस असावा म्हणून वडिलांनी सरांना तांड्यावर बोलावलं. मला ते लग्न नकोच होतं. परीक्षा चार महिन्यांवर होती. पण मला विचारतो कोण? पोराचा मामा मिशीला पीळ देत म्हणाला, "आमचं पोरगं लई कामाचं. दिवसाकाठी चारच तास झोपतं."

सर पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाले, "जिराफ त्याहून कमी झोपतो."

मामाचा हात मिशीवरच थांबला.

"पण तो काम काही करत नाही," सरांनी माहिती पूर्ण केली. "बहुतेक वेळ उभाच असतो."

दोन दिवसांनी निरोप आला. पोरीच्या मास्तरनं आमच्या पोराला जिराफ म्हणलं, सबब जमणार नाही. वडील चार दिवस सरांवर चिडून होते. त्या दिवशी मी अख्खा उतारा एकही चूक न करता टाईप केला. सरांनी कागद उजेडात धरून पाहिला. म्हणाले काही नाही, पण माझ्या मशीनला नवी रिबन घातली.

परीक्षा जवळ येत होती आणि त्याच सुमारास सरांच्या घरात वेगळंच सुरू झालं. त्यांची एकुलती एक लेक वैशालीताई पुण्याला दिलेली. ती बाळंत व्हायची होती. तिचं म्हणणं, आता दोघांनीही पुण्यालाच या, कायमचं. वसमतला काय ठेवलंय? काकू तयार होत्या. पडद्याआडून आम्हाला सगळं ऐकू यायचं, कारण मशिनं थांबली की घर एकदम उघडं पडायचं.

"परीक्षा झाल्याबिगर मला येता येनार न्हाई," सर म्हणत होते. "अकरा पोरी हायेत."

"अन् लेक एकच हाय. त्या अकरा पोरींना दुसरा मास्तर भेटंल."

"वर्ष संपत आल्यावर कुनी घेत न्हाई गं. तांड्यावरून, खेड्यावरून येतात त्या. एक परीक्षा हुकली की घरचे लगीन लावून मोकळे होतात."

मग ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला. "मग ऱ्हावा तुमी पोरींत अन् शहामृगात. मी चालले. येईन का न्हाई, ते आताच सांगत न्हाई."

काकू गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या उताऱ्यात सरांनी फक्त एवढंच घातलं: 'पुणे येथे जाणारी बस काल वीस मिनिटे उशिरा सुटली.'

क्लाससमोरच एसटीडी बूथ होता. सर दर रविवारी तिथून काकूंना फोन करत. पुणं लांब आहे म्हणून ते ओरडून बोलत, आणि रविवारी परीक्षेसाठी जादा क्लास असल्यामुळं आम्हाला सगळं ऐकू यायचं. "केळ हे शास्त्राप्रमाणं झाडच नव्हे, मोठं गवतासारखं रोप आहे! हॅलो! वेल नव्हं, केळ! वैशालीला न्हाई, तुला सांगून राहिलो!" पलीकडून काकू काय म्हणत ते कळायचं नाही. पण सर फोन ठेवून परत येत तेव्हा हसरे असत. नातू झाला त्या रविवारी तर त्यांनी भलत्याच उत्साहात सांगितलं, की नवजात बाळाच्या अंगात मोठ्या माणसापेक्षा जास्त हाडं असतात. काकूंनी फोन ठेवून दिला असावा, कारण सर रिसीव्हरकडं बराच वेळ बघत राहिले.

त्यानंतर ते फोनवर कमी बोलू लागले. उतारेही छोटे झाले. दुपारी आम्ही डबे उघडायचो तेव्हा सर पडद्याआड जात आणि लगेच परत येत. आम्ही भाकरी पुढं केली तर "झालं माझं" म्हणत. भांड्यांचा आवाज मात्र कधी यायचा नाही.

परीक्षेचं केंद्र परभणीला होतं आणि मशिनं आपापली न्यावी लागत. सरांनी एक जीप ठरवली. गोधड्यांत गुंडाळून मशिनं टपावर बांधली, काही पायाशी ठेवली, आणि उरलेल्या जागेत आम्ही अकरा पोरी. मला अजून कळलेलं नाही की ती जागा कुठं होती. सरांनी त्या दिवशी बूट घातले होते. शोभा नावाची एक पोरगी जीप सुटल्यापासून रडत होती.

"शोभाबाई," सर पुढून मान वळवून म्हणाले, "गोगलगाईला हजारो दात असतात."

शोभा रडत रडत म्हणाली, "मग मी काय करू, सर?"

सगळी जीप हसली. शोभापण हसली. सर पुन्हा समोर बघू लागले. मी त्यांच्या मागंच बसले होते. मी हळूच विचारलं, "सर, तुमी काहून असं सांगत ऱ्हाता सगळ्यांना?"

एक फाटा मागं गेल्यावर सर म्हणाले, "मी तरुणपनी नोकरीला परक्या गावी होतो. लोकांना 'कसं काय' म्हनलं की ते 'बरंय' म्हनायचे अन् निघून जायचे. मला पुढं काय बोलावं ते सुचायचं न्हाई. एकदा एकाला म्हनलं, ऑक्टोपसला तीन काळजं असतात. तो थांबला. चहा घेतला माझ्यासंगं." मग जरा थांबून, "अजूनबी मला त्याच्याबिगर दुसरं जमत न्हाई, राठोडबाई."

केंद्रावर मशिनं उतरवली आणि मी माझ्या मशीनवर एक अक्षर मारून पाहिलं. खड्ड्यांत आदळून मशीनच्या कागद धरणाऱ्या रुळाला ओढणारी पट्टी तुटली होती. अक्षर मारलं तरी रूळ पुढं सरकेना. सगळी अक्षरं एकाच जागी, एकावर एक. पेपर सुरू व्हायला दहा मिनिटं. सरांनी मशीन उलटंपालटं करून पाहिलं. मग खाली वाकून उजव्या बुटाची नाडी काढली, पट्टीच्या जागी ओढून घट्ट बांधली आणि म्हणाले, "मारा."

मी मारलं. रूळ सरकला. ओळ संपली तशी मशीनची घंटी वाजली.

"आता घाबरू नका. फक्त कागदाकडं बघा," एवढंच बोलून सर बाहेर गेले. त्यांचा उजवा बूट फटक-फटक वाजत होता. दिवसभर ते तसेच फिरले. प्रत्येक बॅचला जाणाऱ्या पोरीला दारापर्यंत सोडत होते आणि प्रत्येकीला एक एक माहिती देत होते. पुढं निकाल लागला तेव्हा अकरांतल्या दहा पास झालो. शोभापण.

दिवस मावळताना जीप वसमतला परत आली. आम्ही मशिनं उतरवत होतो. सर सरळ बूथवर गेले. तो रविवार नव्हता. आम्हाला वाटलं, आता ओरडून परभणीची सगळी हकिकत सांगतील. मी कान देऊन उभी राहिले. काही ऐकू आलं नाही. सर रिसीव्हर कानाला लावून नुसते उभे होते. "झाली परीक्षा." मग "हं." मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा "हं." मग रिसीव्हर ठेवून आले आणि म्हणाले, "उद्या क्लासला सुट्टी. जा घरी, आराम करा."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तांड्यावरून आले आणि बसमधून उतरले, तर सर स्टँडवर उभे. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, पण शब्द नाही. मी घाबरले. इतक्या दिवसांत हा माणूस मला माहितीशिवाय कधी भेटला नव्हता.

तेवढ्यात पुण्याची गाडी लागली. त्यातून ट्रंक घेऊन सुमनकाकू उतरल्या; येणार असल्याचा निरोप त्यांनी बूथवर ठेवला होता. मला बघून म्हणाल्या, "तूबी आलीस का?" आणि सरांकडं वळल्या. वरून खालपर्यंत बघितलं. "काय झालंय तुमाला? ताप हाय का?" कपाळाला हात लावला. "परवा फोनवर काईच सांगितलं न्हाई. नुसतं हं, हं. मी वैशीला म्हनलं, ह्या मानसाचं काईतरी बिघडलंय, मला जावं लागंल. ती म्हनली, आई, इथंच ऱ्हा. मी म्हनलं, बाळाला तू हाईस, सासू हाय. त्येंला कोन हाय?"

सरांनी ट्रंक उचलली. दोघं चालू लागले. मी चार पावलं मागून. रस्त्यात भाजीवाल्या, सायकली, हॉर्न. काकू वाट बघत होत्या.

"बोला की काई. लई दिवस झाले ऐकून."

सरांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"तू वाळलीस," ते म्हणाले.

काकू रस्त्याच्या मधोमध थांबल्या. पदर डोळ्यांकडं गेला. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, भाजीवाली "सरका ना हो बाई" म्हणत होती. सर ट्रंक हातात धरून त्यांच्याजवळ उभे होते. दोघांतलं कुणीच हललं नाही.