फाटकावरचा मिलोराद आणि ऐंशी जणांचा रक्तदाब

माणसाच्या अंगातल्या रक्ताचा दाब किती असावा हे निसर्ग ठरवतो. किती चालेल हे परिवहन कार्यालय ठरवतं. आमच्याकडे बसचालकाला वरचा आकडा १६० पर्यंत चालतो. तिहोमिरचा १७८ होता. हे अठरा आकडे उतरले तर काय काय मिळेल याची यादी त्याने सिगारेटच्या पाकिटावर करून ठेवली होती: बेलग्रेडच्या सकाळच्या गाडीची सीट (स्प्रिंगवाली), वाटेतल्या खाणावळीत चालकाला फुकट मिळणारी घेवड्याची उसळ, आणि सामानाच्या खिडकीतून सुटका. त्या खिडकीत सध्या त्याला मेहुण्याच्या हाताखाली बॅगांना चिठ्ठ्या बांधायला बसवलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं होती. मेहुणा नऊ वर्षांनी लहान होता. (दाब ११८. असल्या माणसांचा तेवढाच असतो.)

अशा वेळी आमच्या गावच्या इस्पितळात नवा उपचार तपासायला आला. जांघेतून एक बारीक नळी आत सरकवायची, ती मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची आणि तिथल्या नसांना थोडा चटका द्यायचा. या नसा मेंदूकडे सतत कुरकुर करतात आणि त्यामुळे दाब वाढतो, असं शास्त्र सांगतं. टाका नाही, दोन दिवसांत घरी. रुग्ण ऐंशी. त्यांतल्या चाळिसांना खरा चटका. उरलेल्या चाळिसांनाही तसंच टेबलावर घ्यायचं, गुंगी द्यायची, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, नळीसुद्धा घालायची आणि फोटो काढून परत बाहेर. चटका नाही. कोणाला काय मिळालं हे सहा महिने कोणालाच कळणार नाही. रुग्णाला नाही, दर आठवड्याला पट्टा बांधून आकडे लिहिणाऱ्या मलाही नाही. निवड व्हिएन्नातला एक संगणक चिठ्ठ्या टाकून करणार.

हे सगळं डॉक्टर ओग्नेंका यांनी सभागृहात चित्रांसह समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. त्यांना एकच गोष्ट समजली नाही, ती म्हणजे चिठ्ठ्या. आमच्याकडे बालवाडीतला प्रवेश, दात काढण्याची तारीख आणि स्मशानातली सावलीची जागा, यांपैकी काहीही चिठ्ठ्या टाकून मिळालेलं कोणाच्या पाहण्यात नाही. तेव्हा सभागृहातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या मनात एकच शास्त्रीय प्रश्न होता: आत आपलं कोण आहे?

तिहोमिरचा होता मिलोराद. मिलोराद त्याचा कूम, म्हणजे लग्नात बाजूला उभा राहिलेला साक्षीदार. आमच्यात हे नातं सख्ख्या भावापेक्षा एक बोट वर धरतात. मिलोराद इस्पितळाच्या वाहनतळाच्या फाटकावर असतो. बटण दाबून दांडा वर करतो. ज्याच्यासाठी शल्यविभागाच्या प्रमुखालाही गाडी थांबवावी लागते, त्याचा हात कुठवर पोचत असेल याचा अंदाज लोकांनी आपापल्या परीने केला होता.

तिहोमिर एका संध्याकाळी कापडात गुंडाळलेला पर्शूत घेऊन फाटकावर गेला. (पर्शूत म्हणजे मिठात मुरवून धुरावर सुकवलेली डुकराची अख्खी मांडी. आमच्याकडे अर्जासोबत जोडतात.)

"किती दिवस धुरावर होता?" मिलोरादने वास घेत विचारलं.

"चाळीस. आणि हे बघ कूमा, मला खरा चटका पाहिजे. ते डोळ्यांवर पट्टी बांधून गाणी ऐकवणं मेहुण्याला ऐकवा."

"मेहुणा आहे का यादीत?"

"नाही. पण ऐकवा."

"तू निवांत झोप," मिलोराद म्हणाला आणि दांडा वर केला. तिहोमिर चालत आला होता, तरी केला.

मिलोराद यात एक अक्षर खोटं बोलला नाही, याची नोंद व्हावी. निवांत झोपणं हा रक्तदाबावर अगदी योग्य सल्ला आहे. पुढच्या महिन्याभरात त्याने तो सल्ला आणखी बेचाळीस जणांना दिला. म्हणजे पर्शूत एकूण त्रेचाळीस. चिठ्ठ्यांच्या नियमाने त्यांतल्या साधारण निम्म्यांचं काम आपोआप होणारच होतं. निम्मी कामं खात्रीने होतात असं दुसरं खातं मला तरी माहीत नाही.

टेबलावरून उतरल्यापासून तिहोमिर ठणठणीत. "कमरेपाशी काहीतरी सुटल्यासारखं वाटलं," तो मला म्हणाला. पहिल्या महिन्यात १६६, तिसऱ्यात १५७, सहाव्यात १५२. परिवहन कार्यालयाने शिक्का मारला. मेहुण्याने गाडीच्या किल्ल्या काउंटरवरून सरकवल्या, हातात दिल्या नाहीत. तिहोमिरने त्या उचलायला पुरता एक मिनिट लावला.

मग निकाल आला. खरा चटका मिळालेल्यांचा दाब सरासरी नऊ आकड्यांनी उतरला होता. चटका न मिळालेल्यांचाही नऊनेच. डॉक्टर ओग्नेंका दोन दिवस कागद उलटेपालटे करत होत्या.

"काहीतरी तिसरंच आहे यात," त्या म्हणाल्या. "तू दर आठवड्याला बसतोस यांच्यासोबत. काय वेगळं केलं यांनी?"

मी माझी वही दिली. तिच्यात एक जास्तीचा रकाना होता, सवय आहे. पर्शूत दिलेले त्रेचाळीस: सरासरी एकोणीसने उतरले. न दिलेले सदतीस: दोनने चढले.

बाईंनी त्या रकान्यावरून दोनदा बोट फिरवलं. "हे मी कुठे छापू?" त्यांनी विचारलं. मग थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "त्या मिलोरादला सांग, माझी गाडी रोज फाटकावर पाच मिनिटं उभी करतो, तेवढं बंद कर."

आता उरली होती पत्रं. नियमाप्रमाणे सहा महिन्यांनी प्रत्येकाला खरं काय ते कळवायचं होतं. तिहोमिरच्या पत्रात काय आहे हे मला माहीत होतं, म्हणून पट्टा बरोबर घेऊनच मी त्याच्या घरी गेलो. आकडा १६० च्या वर गेला, तर किल्ल्या परत मेहुण्याकडे.

पत्र त्याच्या बायकोने, देसांकाने, मोठ्याने वाचलं. "आपणांस प्रत्यक्ष उपचार देण्यात आलेला नव्हता."

तिहोमिरने कॉफीचा घोट घेतला. "परत वाच."

तिने वाचलं.

"बघितलंस?" तो माझ्याकडे वळला. "कूम असावा तर असा. कागदावर मागमूस ठेवला नाही."

"अरे, इथे शिक्का आहे," देसांका म्हणाली. "तुला काही केलेलंच नाही म्हणतात. गाणी ऐकून आलास तू."

"मग काय लिहितील? मिलोरादच्या ओळखीने केलं म्हणून लिहितील? बिचाऱ्याची नोकरी जाईल."

"आणि माझा आठ महिन्यांचा पर्शूत? डुक्कर मी पाळलं होतं."

"तोच तर लागू पडला, बाई."

मी पट्टा बांधला. १४८.

तिथून मी शेजारच्या रादोइकाबाईंकडे गेलो. त्यांना खरा चटका मिळाला होता. त्यांनी पर्शूत दिला नव्हता. "उपचार देण्यात आला होता," हे वाक्य त्यांनी वाचलं आणि पत्र चुलीजवळ ठेवलं. "ज्यांचं कोणी नाही त्यांना असंच लिहून गप्प बसवतात," त्या म्हणाल्या. १८१.

आठवड्याभराने मिलोरादलाच चाकाच्या खुर्चीत बसवून आत आणलं. २१४. सात महिन्यांत त्याने सव्वीस पर्शूत संपवले होते आणि सत्ताविसावा भाचीच्या लग्नात कापला होता. त्याला पुढच्या तुकडीत घ्यायचं ठरलं. पट्टा बांधताना त्याने माझं मनगट धरलं.

"ती चिठ्ठी खरोखरच व्हिएन्नात टाकतात का रे?"

"तुला माहीतच आहे."

"मला माहीत आहे, तेच तर दुखणं आहे." त्याने माझं मनगट आणखी जवळ ओढलं. "तुझी कोणी ओळख असेल ना तिथे?"

"तू निवांत झोप," मी म्हणालो.

दहा मिनिटांनी पुन्हा मोजला. १९५. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उरलेल्यांपैकी एक पर्शूत होता.

वहीतला शेवटचा हिशेब असा. ओळखवाल्यांचे उतरलेले आकडे: आठशे सतरा. बिनओळखीच्यांचे चढलेले: चौऱ्याहत्तर. मिलोरादने भरलेलं: स्वतःच्या रक्तवाहिन्या. डुकरांनी भरलेलं: प्रत्येकी दोन मांड्या, म्हणजे साडेएकवीस डुकरं (अर्ध्याचा पत्ता लागला नाही). आणि वाचकांनी भरलेलं: अजून काही नाही. मात्र निकाल वाचून झाल्यावर, उपचार कसा चालतो याऐवजी या वहीवाल्याची गाठ कशी पडेल, हे ज्यांच्या मनात येऊन गेलं, त्यांची नावं मी ओळखवाल्यांच्याच रकान्यात घेतली आहेत.