इंचकेलच्या मठातली दोनची प्रार्थना

इंचकेल बेटावरच्या मठात प्रार्थनेला परवानगी लागते, हे इश्बेल रेनीला दारात पोहोचल्यावर कळलं. एडिनबराहून दुपारच्या बोटीने आम्ही चाळीसजण गेलो होतो, पडक्या कमानी आणि किनाऱ्यावरचे सील प्राणी बघायला. तिचं कारण वेगळं होतं. तिच्या नवऱ्याचं, डुगल्डचं, दोन वाजता हृदयाचं तासाभराचं, पण जोखमीचं ऑपरेशन होतं. पन्नास वर्षांपूर्वी दोघांचं लग्न याच मठात लागलं होतं.

दारावर व्यवस्थापनाचे मॅकफेल बसले होते.

“भेटीचा उद्देश?”

“प्रार्थना.”

मॅकफेलनी यादीवरून बोट फिरवलं. “पाहणी आहे, फोटो आहे, शालेय सहल आहे. प्रार्थना नाही, बाई.”

“अहो, हा मठ आहे ना?”

“होता. आता वारसास्थळ आहे. प्रार्थना हा कार्यक्रम धरतात. चौदा दिवस आधी अर्ज, विमा आणि प्रथमोपचार जाणणारा एक इसम. उपस्थिती किती?”

“मी एकटीच.”

“आणि ज्यांची प्रार्थना करणार, ते?”

“ते सगळीकडे असतात म्हणे.”

“म्हणजे संख्या अनिश्चित,” मॅकफेलनी लिहून घेतलं. “मग गर्दी-नियंत्रणाचा आराखडाही जोडा.”

“आजी, आटपा की! तीनला परतीची बोट आहे,” मी मागून ओरडलो. रांगेने माना डोलावल्या.

पावणेदोन झाले. “माझ्या डुगल्डला आता ऑपरेशनला आत नेतील हो,” इश्बेल म्हणाली. “मी नुसते गुडघे टेकते. तोंडातून शब्द काढणार नाही.”

मॅकफेल काही दुष्ट नव्हते. त्यांनी नियमावली पुन्हा उलटली आणि त्यांचा चेहरा उजळला. “दोन वाजता ‘मठातील जीवन’ हा प्रयोग मंजूर आहे. आमचा नट तापाने झोपलाय. त्याचा झगा घालून बसलात, तर सगळं नियमात बसतं.”

इश्बेलने झगा घातला. तो जमिनीवर लोळत होता. बरोबर दोन वाजता तिने थंडगार दगडावर गुडघे टेकले आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले.

“काय काम करते बाई!” कुणीतरी कुजबुजलं.

“जरा उजेडाकडे वळा ना,” दुसरी म्हणाली. इश्बेल डोळे न उघडता वळली. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना अभिप्रायाचे कागद मिळाले. मी पाचपैकी चार गुण दिले. एक कापला, कारण संवाद ऐकू आले नाहीत. डुगल्ड कसा आहे, हे कुणी विचारलं नाही. कागदावर तसा रकानाच नव्हता.

परतीच्या बोटीवर तिचा फोन वाजला. “वाचला?” तिने दोनदा विचारलं. मग ती डेकवरच बसली आणि लहान मुलासारखी हमसून हमसून रडली. तिला धरायला कुणाचाही हात मोकळा नव्हता. आम्हा सगळ्यांच्या हातात मोबाइल होते.

माझं चित्रण सगळ्यांत स्पष्ट आलंय, चेहरा अगदी जवळून. बघताय ना? थांबा, आवाज मोठा करतो.