साटंलोटं

"तीन आठवडे पाहुणीची सोय मी बघते. त्यात काय एवढं!" विभागाच्या बैठकीत प्रमिलानं टेबलावर हात आपटून सांगितलं. हात तर दुखलाच, पण तो दुखायचा थांबल्यावर खरं दुखणं सुरू झालं!

जळगावच्या नव्याकोऱ्या विद्यापीठात तेव्हा झाडांपेक्षा पाट्याच जास्त होत्या. पण डेन्मार्कच्या एका विद्यापीठाशी प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीचा करार मात्र झाला होता. त्यांच्या इंगेबाई आधी इकडे येणार, केळीच्या रोगांवर व्याख्यानं देणार. मग आपलं एक माणूस दोन महिन्यांसाठी तिकडे जाणार. ते माणूस म्हणजे प्रमिला! केळीच्या करप्यावरचं तिचं काम डेन्मार्कला आवडलं होतं. आवडलं नव्हतं ते एकट्या विभागप्रमुख अभिमन सरांना.

"मॅडम, दीड वर्षाची पोर पदरात असताना कसल्या जाता तुम्ही!" सर म्हणाले. "आणि पाहुणीनं एक जरी तक्रार केली ना, तर तुमचं नाव कमी होईल. मग नाइलाजानं मलाच..."

हा नाइलाज सरांनी सोनगीरच्या शिंप्याकडून शिवूनही घेतला होता. बंद गळ्याचा, काळा, गरम कोट!

प्रमिला घरी आली ती धुमसतच. पदरात पोर म्हणे! सरांची मुलं रांगत होती तेव्हा सर बडोदा काय, नागपूर काय, परिषदांना हिंडत होते. त्यांच्या धोतराच्या सोग्यात काय आहे ते कुणी विचारलं होतं? पण उंबऱ्यावर मनू दोन्ही हात वर करून उभी होती, तोंडाला वरणभात. तिला उचलल्यावर संताप जरा पातळ झाला. पोरीच्या जावळाचा वास घेता घेता प्रमिलाच्या पोटात खड्डा पडला. दोन महिने ह्या वासाशिवाय? तो खड्डा तिनं कुणाला दाखवला नाही. सरांना तर मुळीच नाही!

अतिथिगृहाचा रंग ओला होता, म्हणून इंगेबाई प्रमिलाच्याच घरी उतरणार हे ठरलं. तिनं सासूबाईंना समजावलं. पुष्पाबाई सावद्याच्या, केळीवाल्या घरातल्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे त्याइची अठी येईन अन् आपली तठी जाईन?"

"हो, आत्याबाई."

"मंग सरळ सांग ना व, साटंलोटं हाये म्हून!"

साटंलोटं म्हणजे ह्या घरची मुलगी त्या घरात आणि त्या घरची ह्या घरात. त्यातली मेख सावद्याच्या पुष्पाबाईंना पुरेपूर ठाऊक होती. इथं सुनेला त्रास दिला, की तिथं आपल्या लेकीला तेवढाच त्रास! त्यांच्या चुलत नणंदेनं इथं सुनेचं दूध बंद केलं, तर तिकडे लेकीचा चहा बंद झाला होता.

"अहो, हा करार आहे, लग्न नाही," प्रमिला म्हणाली.

"कागूद इंग्रजीत असला म्हून रीत बदलते का? तू काळजी नको करू. मी तिले अशी ठेवते, की तुले तठी राणीवानी ठेवतीन!"

नवरा जीवराम पेपरामागून म्हणाला, "हं."

इंगेबाई आल्या. उंच, सडपातळ, शेवग्याच्या शेंगेसारख्या. पहिल्या रात्री त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि हसून हात जोडले. पुष्पाबाईंचा चेहरा पडला.

"अर्धी? म्हंजे तुले तठी अर्धीच भेटीन? वाढ व अजून!"

आणि सुरू झालं! सकाळी तुपात बुडालेली बट्टी, दुपारी शेवभाजी, मध्ये केळी, केळ्यांच्या मध्ये वेफर. रविवारी पुरणाचे मांडे! पाहुणी "नो" म्हणाली की पुष्पाबाई तो नकार कानाआड करून ताटात एक पळी तूप ओतत. तिसऱ्या दिवशी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत झालं. त्यातली हिरवी मिरची इंगेबाईंनी शेंग समजून कचकन चावली. डोळ्यांतून धारा! नेमक्या त्याच वेळी शेजारच्या कुंदाबाई ताक मागायला दारात.

"माय व! पाहुणी रडू राहिली!"

"रडत नाही, मिरची खाल्ली," प्रमिला ओरडली.

पण पुष्पाबाई खालीच बसल्या. "आपल्या घरात परक्याची लेक रडली! आता तू तठी रडशीन!" त्यांनी साखरेचा बकाणा पाहुणीच्या तोंडात कोंबला आणि मिठानं दृष्ट काढली. इंगेबाईंना ठसका लागला, कुंदाबाईंना वाटलं पाहुणी आता जाते!

इथपर्यंत प्रमिलानं दात-ओठ खाऊन सोसलं. पण दुसऱ्या आठवड्यात तिला कळलं, की ती आठच्या तासाला विद्यापीठात गेली की दहाला पाहुणीला न्यायला येणारी जीप रोज रिकामी परत जातेय! जीपवाला चिंधा म्हणाला, "आजी सांगतात, बाईला बरं नाही."

ती तशीच घरी आली. "आत्याबाई! व्याख्यानं कुणी द्यायची?"

"भर उन्हात तिले राबाले लावू? मंग तुले तठी बर्फात राबवतीन त्ये चालीन?"

"अहो, मी राबायलाच चाललेय! मला राबायचंय! आठ वर्षं अभ्यास केला तो काय तिकडे मांडे खायला?"

तेवढ्यात अभिमन सर दारात. आत पाहतात तर काय, डेन्मार्कची विदुषी झोपाळ्यावर, केसांना चपचपीत तेल, मांडीवर मनू, आणि पुष्पाबाई घास भरवताहेत! सर रागावले की त्यांची प्रमाण मराठी गळून पडे आणि अहिराणी बाहेर येई.

"हाई काय चाली राह्यनं? बठ्ठा कार्यक्रम वाया!" असं म्हणत सरांनी उरलेली व्याख्यानं तिथल्या तिथे रद्द केली. चेहऱ्यावर मात्र चक्क आनंद होता.

"बसा सर, तुमी बी खा," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुमाले कोठी धाडू नाही राहिलो आम्ही, तवा आग्रह नाही करत."

त्या रात्री प्रमिलानं इंगेबाईंसमोर सगळं ओकलं. साटंलोटं, सरांचा कोट, पोटातला खड्डा, सगळं. इंगेबाई मनूला थोपटत ऐकत राहिल्या. मग मनूला खांद्यावर टाकून सरळ पुष्पाबाईंच्या खोलीत निघून गेल्या. प्रमिलाला त्यांचाही राग आला!

निरोपाच्या सभेला सर थेट तो काळा कोट घालूनच आले. जळगावच्या मार्चमध्ये!

कुलगुरूंनी विचारलं, "कसे गेले तीन आठवडे?"

इंगेबाई उठल्या. सहा वार पातळ जेमतेम पुरत होतं.

"मी एकच व्याख्यान दिलं," त्या म्हणाल्या. सरांनी कोटाची वरची गुंडी लावली. प्रमिलानं डोळे मिटले. "बाकी व्याख्यानं मी तिकडून लिहून पाठवीन. पण ह्या घरात मला एक नियम कळला. पाहुणीला जसं ठेवाल, तसं आपल्या माणसाला ठेवलं जाईल. मला इथं क्षणभरही एकटं ठेवलं नाही. मग प्रमिलाला आम्ही एकटं कसं ठेवू? तिची मुलगी येईल, आणि मुलीला सांभाळायला घरचं एक माणूस. खर्च आमचा. मी पुष्पाबाईंच्या हातावर हात मारलाय!"

"नियमात बसत नाही!" सर घामाघूम होत म्हणाले.

"आमच्या नियमात बसतं," इंगेबाई म्हणाल्या, आणि कुलगुरूंनी टाळ्या वाजवल्यामुळे सरांनाही वाजवाव्या लागल्या.

प्रमिला धावत घरी आली, मनूला छातीशी आवळलं, रडली, हसली. "आत्याबाई, बॅग भरा! तुम्ही चला!"

"मी?" पुष्पाबाई केवढ्यानं तरी संतापल्या. "व्याह्याच्या घरी जाऊन राहू? सावद्यात तोंड दाखवाले जागा ठेवशीन का नाही? जीवराम जाईन!"

पेपर खाली आला. लग्नानंतर पहिल्यांदाच इतका खाली आला.

"मी? पोर सांभाळायला? दोन महिने? डेन्मार्कला? ऑफिसात काय सांगू?"

"सांग, बायकोसंगं चाललो म्हून," पुष्पाबाई म्हणाल्या. "अन् तठी खाणं जरा बेतानं ठेव. तू गेला, म्हंजे आता इंगेबाईचा नवरा इकडे येईन. तू जेवढं खाशीन, तेवढं त्याले मलेच रांधून घाला लागीन!"