डोंगर गावपळणीहून परतला नाही

त्या दिवशी धुकं दाट होतं, आणि गावपळण संपवून आम्ही सगळे घरी परतलो तरी आमचा डोंगर काही परतला नाही.

गावपळणीला सगळा गाव घरं बंद करून वेशीबाहेर राहतो. देवाचा कौल झाला की माघारी येतो. डोंगरही दरवेळी आमच्याबरोबर असतोच. यंदा मात्र तो ओढ्यापलीकडे बसूनच राहिला. झरा त्याच्याजवळ, म्हणून माझी सुपारीची बाग तहानलेली. आणि माझं पोट त्या बागेवर.

त्यातच नैरोबीहून वसुधाबाई धुरी आल्या. आजोबांच्या गावासाठी घरच्यांनी प्रतिष्ठान काढलेलं. डोंगरावर झाडं लावायची, पाणी टिकवायचं. रोपांचा ट्रक उभा, पण लावणार कुठे? डोंगराच्या जागी नुसतं सपाट, आणि गुरं बावरलेली.

"आम्ही गावात सगळ्यांना विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

"डोंगराला विडा दिलात?" मी विचारलं.

"नाही. द्यायचा असतो?"

"बाई, ज्याच्या अंगात सदरा घालायचा त्याला माप नको विचारायला?"

मग विडा-नारळ घेऊन आम्ही ओढा ओलांडला. बाईंनी चपला काढून नारळ ठेवला. डोंगराने आधी नारळ नीट निरखून घेतला. तोही माझ्यासारखाच सावकाश.

"झाडां खयची?" त्याने विचारलं.

"आकेशिया. लवकर वाढतात."

"आणि पाखरांका एक फळ देनत नाय. किंजळ, आईन, जांभूळ आणा. ती पण पावसाच्या तोंडार."

"आणते, आजोबा."

डोंगर जरा नरमला. "कोणाची गो तू?"

"भिकू धुऱ्यांची नात. ते लहानपणी तुमच्यावर गुरं चारायचे."

"भिकूची? माझ्या करवंदीत धोतर फाडून पळालेलो तो! चिंधी अजून आसा."

बाई हसल्या, हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग म्हणाल्या, "आमच्या प्रतिष्ठानात विश्वस्त व्हाल?"

"होतंय. पण बैठक माझ्याकडेच घेवची. माका चढउतार जमना नाय."

ते मान्य झालं. तिन्हीसांजेला डोंगर घरी आला. बागेत पाणी खळाळलं, मी पाटात पाय सोडून बसलो.

सकाळी शेजारचा गोविंद परब रिकामं सूप घेऊन कुंपणाशी उभा.

"आबानू, पाणी इला, बरा झाला. पण डोंगर हातभर माझ्याकडे सरकान बसलो हा. खळ्यात सावली इली, भात वाळतला कसा? बैठकीत तेवढो विषय काढा."