ताप न्हाई, धाप हाय

आमच्या शेजारचे डाक्टर संगणकाला स्टेथोस्कोप लावतात. मी या डोळ्यांनी पाहिलंय. बटण दाबायच्या आधी त्या डब्याच्या पाठीवरून हात फिरवतात, दोन थापा मारतात, नळ्या कानात घालतात आणि विचारतात, "काय रे, काल रवंथ बराबर केला का न्हाई?"

डाक्टर म्हणजे काही खरे डॉक्टर नव्हेत. गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. खरे डॉक्टर बदलून जायचे आणि हे राहायचे, म्हणून बाळापुरात पदवी यांनाच चिकटली. इतकी चिकटली, की त्यांचं नाव काय हे कुणी विचारत नाही. पत्रसुद्धा 'गुरांचे डाक्टर' एवढ्या पत्त्यावर येतं. आमची भिंतीला भिंत लागून आठ वर्षं झाली. मलाही नाव ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं.

एका जागी बसणं या माणसाच्या कुंडलीतच नाही. चहा उभ्यानं, पेपर चालता चालता. "बसा हो," म्हटलं की "बसतो की," म्हणतात आणि खुर्चीला प्रदक्षिणा घालतात. एक पालुपद मात्र कायम: "मुकं जनावर बोलत न्हाई मास्तर, आपुन आयकायचं असतं." विहिरीवरची मोटार बिघडो नाहीतर कुणाचा जावई रुसो, इलाज हाच.

त्यांच्या पुण्याच्या मुलानं नवा संगणक घेतला तेव्हा जुना यांच्या घरी आला. बाहेरच्या खोलीत, एका अंगाला वेचलेल्या कापसाचा ढीग आणि दुसऱ्या अंगाला हे टेबल. कापूस निम्म्या खोलीत मावेना, तरी टेबल हललं नाही.

त्या हिवाळ्यात तो आजारी पडला. बटण दाबलं की पंखा घुमायचा, पडद्यावर रंगीत खिडकी उमटायची, आणि पुढं काही दिसायच्या आत सगळं काळंठिक्कर. मग पुन्हा पहिल्यापासून. मी वर्गात सतराचा पाढा घेत होतो, तर खिडकीत डाक्टर.

"मास्तर, उठून राहिलं अन् पडून राहिलं. चला!"

मी संगणकाचा कोर्स केला होता. जेमतेम पास, पण वासरांत लंगडी गाय शहाणी. मी वायरी काढल्या, पुसल्या, परत खोचल्या. बंद केलं, चालू केलं. माझी विद्या तिथं संपली.

मग वारंगा फाट्याहून एक मेकॅनिक आणला. त्यानं डब्याला हातही लावला नाही. तोंडातला गुटखा सांभाळत म्हणाला, "विंडोज उडाली. फॉरमॅट मारावं लागते."

"म्हंजी?"

"आतलं समदं साफ. कोरं करकरीत."

डाक्टरांनी त्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली आणि दार दाखवलं. "पोटात काय हाय ते न बघता पोट साफ करतेत व्हय?"

मला राग आला. शाळा बुडवून मी धावपळ करायची आणि यांचे हे नखरे! "आत असं काय सोनं पुरलंय तुमचं?" मी तोडून विचारलं.

डाक्टरांनी खाटेभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग भिंतीकडं बघत म्हणाले, "आमच्या मंडळीचं अक्षर हाय."

डाक्टरीणकाकी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. जन्मभर अंगठा लावला. या वयात पाटी घ्यायची लाज. आल्यागेल्यानं पाहिलं तर? पण संगणकापुढं बसलं की लोकांना वाटायचं, म्हातारी सिनेमा बघतेय. म्हणून डाक्टरांनी चित्रं काढायचं पान उघडून दिलं आणि माउस धरून तिला नाव गिरवायला शिकवलं. रोजचं एक पान जपून ठेवलं.

"कागदावर कुटं लिवलंच न्हाई तिनं," ते म्हणाले. "हाय ते ह्याच्यातच हाय."

मी ओशाळलो. त्या दिवसापासून फॉरमॅट हा शब्द मीही उच्चारला नाही.

पुढचा आठवडा डाक्टरांनी ना स्वतःला चैन पडू दिली, ना मला. मी आंघोळीला बसलो की न्हाणीच्या दाराशी, "मास्तर, काहून असं करून राहिलं हो ह्ये?" मी जेवायला बसलो की ताटासमोर येरझाऱ्या. दिवसातून चार वेळा नळ्या कानात घालायचे आणि तोंड पाडून यायचे. माझ्या मनात रोज येई, की ते अक्षर गेलं. ते त्यांना सांगायचं धाडस काही होईना.

आठव्या दिवशी ते वर्गातच घुसले. पोरं उठून उभी राहिली.

"मास्तर, ह्याला ताप न्हाई, धाप हाय! सकाळच्या गारव्यात जरासं जास्त उभं ऱ्हातंय, दुपारी लगेच बसतंय. दम कोंडून राहिला त्याचा!"

घरी जाऊन स्क्रू काढले, झाकण उघडलं. आतल्या पंख्यावर कापसाच्या तुसाची गोधडी बसली होती. मी कपाळावर हात मारला. कोर्समध्ये सगळं शिकवलं होतं, कापूस तेवढा नव्हता. डाक्टरांनी दवाखान्यातला जुना चिमटा आणला आणि बैलाच्या खुरातला काटा काढावा तसा एकेक धागा ओढून काढला. "झालं, झालं, थांब जरासं," असं डब्याला म्हणतही होते.

बटण दाबलं. रंगीत खिडकी आली. गेली नाही.

एकेक पान उघडलं. पहिल्या दिवशीचा 'ग' म्हणजे आडवी पडलेली काठी, 'बा'चा काना पार रेघेबाहेर. विसाव्या पानावर 'गयाबाई' उभी राहिली होती, महिन्याभरानं चालायलाही लागली होती. शेवटच्या पानावर मात्र दुसरंच नाव होतं.

"हे कुणाचं?" म्हणत मी वळलो. डाक्टर खुर्चीवर बसले होते. आठ वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहत होतो.

"माजं," ते म्हणाले. "चाळीस वर्सं संसार झाला, नाव घेतलं न्हाई तिनं. 'अवो, आयकलं का,' एवढंच. ह्ये मी शिकीवलं नव्हतं. ती गेल्यावर घावलं मला." मग पडद्याकडं बोट करून, "वाचा की मास्तर, मोठ्यानं."

माझ्यातला मास्तर कुठला गप्प बसतो! मी शुद्ध करून वाचलं, "तुळशीराम."

"तसं न्हाई. जसं लिवलंय तसं."

मी पडद्याकडं पाहिलं.

"तुळसिराम."

"ओ," डाक्टर म्हणाले.