चार नंबरची, सात नंबरची

सूनबाईला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. जुळं वर्षाच्या शेवटी झालं. त्याआधी पाच महिने डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. सूनबाई पडली शाळेतली बाई. कुणाला तरी शिकवल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. नवरा दिवसभर कामावर. घरात शिकवण्याजोगं माणूस एकच उरलं होतं, आणि ते एकसष्ट वर्षांचं होतं.

हे तिचे सासरे. पेशाने नालबंद. चाळीस वर्षं त्यांनी शर्यतीच्या घोड्यांना नाल ठोकले आणि दोन वर्षांपूर्वी हत्यारं मुलाच्या हाती देऊन घरी बसले. अक्षराशी त्यांची ओळख नव्हती आणि वैरही नव्हतं.

"मामंजी, पाटी घ्या," सूनबाई म्हणाली.

नालबंदांनी पाटी घेतली. पहिला महिना पेन्सिली मोडण्यात गेला, कारण हाताला हातोड्याची सवय. दुसऱ्या महिन्यात जोडाक्षरांनी त्यांना लोळवलं. पण चौथा महिना संपताना ते शर्यतीचा पेपर ओळीवर बोट न ठेवता वाचू लागले. तिथेच घोटाळ्याला सुरुवात झाली. लहानपणी वाचायला शिकलेला माणूस वाचतो आणि विसरतो. म्हातारपणी शिकलेला वाचतो आणि भांडतो.

पेपरात दर आठवड्याला घोड्यांची पारख छापून येई. लिहिणारे गृहस्थ मैदानापासून शंभर हात लांब, गच्चीत बसून दुर्बिणीतून घोडे बघत, म्हणून सगळे त्यांना दुर्बीणवाले म्हणत. न्हाव्याच्या दुकानात नालबंद तो पेपर हातात धरून म्हणाले, "या माणसाने कधी घोड्याचा पाय मांडीत घेतलाय का? मी चाळीस वर्षं घेतला. खूर दाखवा, घोडा सांगतो. डोळे बांधा माझे. याच्यापेक्षा मी बरं लिहीन."

शेजारच्या खुर्चीत एक माणूस तोंडाला साबण लावून पडला होता. तो साबणातूनच म्हणाला, "मग लिहा."

तो पेपरचा संपादक निघाला. दुर्बीणवाल्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि रविवारी माद्यांची मोठी शर्यत होती. नऊ जणी धावणार होत्या. संपादकाला शनिवारच्या अंकासाठी पानभर मजकूर हवा होता आणि लिहायला माणूस नव्हता.

बोललेलं गिळायची नालबंदांना सवय नव्हती. शुक्रवारी सकाळी ते पाटी काखेत मारून निघाले.

या माद्यांच्या शर्यतीची एक रीत आहे. चार वर्षांपर्यंतच्या घोडीला पोर समजतात. पाच पूर्ण झाली की ती बाई. पोरींच्या पाठीवर वजन कमी, बायांच्या पाठीवर जास्त, म्हणजे सामना बरोबरीचा होतो. नालबंद एकेका तबेल्यात गेले, वाकले, चारही पाय उचलून बघितले आणि प्रत्येकीच्या मोतद्दाराला, म्हणजे तिची देखभाल करणाऱ्या माणसाला, नाही नाही ते विचारलं. ही उभ्याने झोपते की आडवी? पाणी पिताना कान हलवते का? रुसली तर किती दिवस? मोतद्दारांना असले प्रश्न आजवर कुणी विचारले नव्हते. ते भरभरून बोलले.

शेवटचा तबेला नालबंदांच्या ओळखीचा, कारण तिथेच त्यांची नोकरी झालेली आणि आता तिथे त्यांचा मुलगा काम करत होता. तिथल्या दोघी शर्यतीत होत्या. झुळूक आणि वावटळ, पाठोपाठच्या सख्ख्या बहिणी. दोघींचं अंग तांबडं, आयाळ काळी, कपाळावर चांदणी. वावटळ थोरली, पाच वर्षांची बाई. झुळूक चार वर्षांची पोर, पण अंगाने थोराड. गंमत अशी की नावाप्रमाणे एकही वागत नव्हती. झुळूक सुसाट पळायची आणि वावटळ फिरायला निघाल्यासारखी सगळ्यांच्या मागून यायची.

दोघींचा मोतद्दार एकच. तोंडात एकही दात नाही म्हणून सगळे त्याला बोळक्या म्हणत. नालबंदांचा तीस वर्षांचा दोस्त. बायको गेल्यापासून तबेल्याच्या टोकाच्या खोलीत राहायचा, आणि बहिणींपैकी कुणी रात्री शिंकली तरी उठून बसायचा.

"काय रे, आता लेखक झालास म्हणे," बोळक्या म्हणाला.

"तू गप बस आणि पाय उचलू दे."

नालबंद दाराकडच्या ठाणात शिरले, वाकले आणि पुढचा उजवा पाय मांडीत घेतला. पसरट बशीसारखा खूर, त्यावर वरून खाली गेलेली बारीक पन्हळ. जन्माची खूण, कितीही घासा, पुन्हा वाढते. मग ते खिडकीकडच्या ठाणात गेले. तिथला खूर उभा, वाटीसारखा. बाहेर येऊन त्यांनी दोन्ही ठाणांवरच्या पाट्या वाचल्या. आयुष्यात पहिल्यांदाच वाचल्या. दाराकडे 'झुळूक', खिडकीकडे 'वावटळ'.

त्यांना जरा नवल वाटलं. पन्हळ होती ती वावटळीच्या पायाला. पण मालकांनी नावं बदलली असतील. त्यांच्या घोड्या, त्यांची मर्जी. चौकशी करणं त्यांना आगाऊपणाचं वाटलं. लिहिणं तेवढं वाटलं नाही.

शनिवारच्या अंकात पारख आली. काही नमुने इथे देतो.

'एक नंबर. टाच नाजूक. ओल्या मैदानावर ही दोन पावलं टाकते आणि तिसऱ्याचा विचार करते.

तीन नंबर. हिच्याबद्दल मालक फार बोलले. घोडी काही बोलली नाही.

चार नंबर, झुळूक. आज ही जिंकावी. मात्र ही झुळूक नव्हे, वावटळ आहे.

पाच नंबर. पाय चारही उत्तम. पण हिला डाव्या बाजूला लगत कुणी उभं राहिलेलं खपत नाही. तिथे कुणी नसेल तर हिला कुणी धरू शकणार नाही. पण तिथे चार नंबर आहे.

सात नंबर, वावटळ. ही वावटळ नसून झुळूक आहे. बाकी दोघींची तब्येत चांगली आहे.'

संपादकाने हे वाचलं होतं. म्हातारा काव्य करतोय असं समजून त्याने दोनदा मान डोलावली आणि छापायला दिलं.

घरी सूनबाईने पडल्या पडल्या वाचलं. आधी शुद्धलेखन बघितलं, मग मजकूर बघितला, मग ती उठूनच बसली.

"मामंजी, हे चार नंबरचं काय लिहिलंय?"

"जे आहे ते."

"अहो, पाच वर्षांची घोडी चार वर्षांची म्हणून पळवली तर तिला वजन कमी मिळतं ना? तुम्हीच सांगितलंत परवा."

"मिळतं की."

"मग याला फसवणूक म्हणतात, मामंजी."

नालबंदांनी पेपर हातात घेतला आणि स्वतःचंच लिखाण पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचलं. तेवढ्यात दारात त्यांचा मुलगा उभा राहिला. कामाचा चामडी ॲप्रन कमरेला तसाच.

"बाबा, शर्यतीच्या पंचांनी बोलावलंय. ट्रेनरसाहेब लाल झालेत. म्हणतात, घोड्या बदलल्या असतील तर बोळक्याकाकांनीच. आजच्या आज खोली खाली करायला सांगितलीय त्यांना."

नालबंदांनी पायात चपला घातल्या. मग परत फिरून माळ्यावरचं एक जुनं पुडकं काढलं. अक्षर येत नव्हतं त्या काळात ते प्रत्येक घोड्याचा खूर कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवत आणि कुठल्या ठाणातला तो, याची खूण म्हणून खाली चित्र काढत. पुराव्याला आणखी काय लागतं? बोळक्या निर्दोष आहे हे ते आता चुटकीसरशी सिद्ध करणार होते.

पंचांच्या खोलीत लांबलचक टेबल होतं. मधोमध थोरले पंच, त्यांच्या डाव्या हाताला घोड्यांचे डॉक्टर, दोघांपुढे पाण्याचा एकेक पेला. भिंतीला टेकून ट्रेनर उभे होते. बोळक्या एका स्टुलावर टोपी हातात घेऊन बसला होता.

डॉक्टर म्हणाले, "दोघींचे दात पाहिले. झुळूक म्हणून पळते ती पाच वर्षांची आहे. वावटळ म्हणून पळते ती चारची. संशयाला जागा नाही."

"दातांचीच चौकशी होती तर मला कशाला बोलावलंत?" बोळक्या म्हणाला, आणि त्याचं बोळकं पाहून डॉक्टरांनी मान खाली घातली.

"थट्टा नको," ट्रेनर गरजले. "दोन वर्षं त्या तुझ्या ताब्यात आहेत. तू नाही तर कुणी बदलल्या?"

"मला त्या मिळाल्या तशा मी सांभाळल्या, साहेब. पन्हळीची मला पहिल्याच दिवशी दाराकडे मिळाली."

नालबंद पुढे झाले. त्यांनी दोन कागद टेबलावर पसरले. एकावर पन्हळ असलेला बशीसारखा खूर, खाली खिडकीचं चित्र. दुसऱ्यावर वाटीसारखा खूर, खाली दार.

"हे बघा. मी घरी बसलो त्या सकाळचे कागद. पन्हळीची तेव्हा खिडकीकडे होती, म्हणजे खरी वावटळ खिडकीकडे. दोघींनी अजून मैदान पाहिलं नव्हतं. म्हणजे अदलाबदल झाली ती त्यानंतर. आणि बोळक्या तर दुसऱ्या दिवसापासून नेमला गेला, त्याला पन्हळीची दाराकडेच मिळाली, म्हणजे जे झालं ते आदल्याच दिवशी. त्या दिवशी त्याच्याकडे या घोड्याच नव्हत्या."

थोरले पंच पुढे वाकले. "शाबास. मग त्या दिवशी घोड्यांना हात कुणी लावला?"

"मी. दुसरं कुणी नाही. बाकी सगळे मला निरोप द्यायचा म्हणून अंगणात जमले होते. शेवटचे आठ नाल मी बाहेर झाडाखाली ठोकले आणि दोघींना जागच्या जागी नेऊन बांधलं."

"जागच्या जागी, हे नक्की?"

आता चाळीस वर्षं नाल ठोकणाऱ्या माणसाला 'नक्की का' विचारावं? नालबंदांनी थोरल्या पंचांचा पेला डाव्या हातात घेतला, डॉक्टरांचा उजव्या.

"ही खिडकीकडची, ही दाराकडची," ते म्हणाले. "अशा दोघींना घेऊन झाडापाशी गेलो." ते समोरच्या खिडकीपाशी गेले आणि दोन्ही पेले खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवले. "बांधल्या. मग नाल ठोकायचे तर आमचं तोंड नेहमी घोड्याच्या शेपटीकडे, झाडाकडे पाठ." त्यांनी खिडकीकडे पाठ केली, वाकले आणि हवेत चार ठोके मारले. "झालं काम. डोळ्यांत पाणी होतं, तोंडं बघायची आम्हाला सवय नाही. पाट्या वाचता येत नव्हत्या. हात मागे केले, सोडल्या," त्यांनी मागे हात करून पेले उचलले, "डावीतली डावीकडे, उजवीतली उजवीकडे. जागच्या जागी."

आणि त्यांनी पेले टेबलावर टेकवले.

थोरल्या पंचांनी समाधानाने मान हलवली, पेला उचलून एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"हे पाणी कडू कसं?"

"तो पेला माझा," डॉक्टर म्हणाले. "खोकल्याचं औषध आहे त्यात."

"नोकराने चुकून ठेवला असेल," थोरले पंच म्हणाले आणि रुमाल शोधू लागले.

खोलीत कुणालाच काही उमगलं नव्हतं. फक्त दोघांना उमगलं होतं. नालबंद स्वतःच्या दोन हातांकडे बघत होते, कुणा परक्याचे असावेत तसे. मग त्यांनी बोळक्याकडे पाहिलं. बोळक्याने अगदी हळू मान हलवली. बोलू नकोस. चाळीस वर्षांचं नाव आहे तुझं. माझं काय, एक खोली.

नालबंदांनी कागद गोळा केले, त्यांची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"नोकराने नाही ठेवला, साहेब," ते म्हणाले. "मी ठेवला. घोड्याही मीच ठेवल्या."

मग थोरले पंच हसायला लागले, आणि औषधामुळे की हसण्यामुळे कोण जाणे, त्यांना खोकला लागला. डॉक्टरांनी मुकाट्याने तोच पेला पुन्हा पुढे सरकवला.

निकाल असा झाला. दोघी रविवारच्या शर्यतीतून बाद. कागद दुरुस्त होऊन खऱ्या नावांनी पुन्हा पळायला मोकळ्या. फसवणूक नाही, निव्वळ चूक. बोळक्याची खोली बोळक्याकडे. आणि नालबंदांनी कुठल्याही घोडीचे पाय खुशाल धरावेत, पण दोरी हातात धरू नये, असं पंचांनी लेखी दिलं. ते नालबंदांना स्वतःलाच वाचून दाखवावं लागलं, कारण थोरल्या पंचांचा चष्मा औषधाने चिकट झाला होता.

रविवारी पाच नंबरची घोडी घोड्याच्या आठ लांबींनी जिंकली. डावीकडची जागा रिकामी होती ना! संपादक पैजेच्या पेढीवर पेपर नाचवत सांगत सुटला की आमच्या पारख्याने हे आधीच लिहिलं होतं.

"तू घोड्या बदलल्यास, माझ्यावर आळ आणलास, आणि वर पारखी तूच," बोळक्या म्हणाला. "याची फिट्टंफाट कधी करणार?"

"करीन कधीतरी."

पुढच्या महिन्यात सूनबाईला दोन मुली झाल्या, एकीला झाका आणि दुसरीला काढा अशा. आईलाही ओळखू येईनात. नालबंद मात्र तळपाय बघून अचूक सांगत, ही थोरली, ही धाकटी. सूनबाईचा त्यावर पूर्ण विश्वास होता. फक्त एक नियम तिने पहिल्याच दिवशी घातला.

"मामंजी, उचलून हवा तेवढा वेळ घ्या. पाळण्यात मात्र मी ठेवीन."

नालबंद वारले ते मुली तिसरीत होत्या त्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, पेपर वाचता वाचता. शर्यतीच्या पेपराने पहिल्या पानावर बातमी दिली, नाव ठळक छापलं, आणि फोटो बोळक्याचा छापला. आठवडाभर लोक बोळक्याला रस्त्यात बघून दचकत होते. सूनबाई माफी मागायला गेली तर तो पेपर भिंतीला चिकटवत होता.

"असू दे, पोरी," तो म्हणाला. "फिट्टंफाट झाली."

बोळक्या त्यानंतर चार वर्षांनी गेला, मुली सातवीत असताना, तबेल्याच्या टोकाच्या त्याच खोलीत. त्या खेपेला फोटो सूनबाई स्वतः पेपरात नेऊन देऊन आली.